जर्मनीत मास्टर्स झालं, पुढे काय? अठरा महिन्यांच्या परवान्यापासून ब्लू कार्डापर्यंत

जर्मनीत मला पहिली नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे शिक्षणानंतरचा अठरा महिन्यांचा परवाना होता. त्यावर कोणतंही काम करायची मुभा असते. मग घाई कशाला, म्हणत मी नोकरीच्या परवान्याचा अर्ज पुढे ढकलत राहिले. आधी प्रोबेशन, मग घर बदलणं, मग आई-बाबा येणार म्हणून. अकरा महिन्यांनी अर्ज केला. नोकरी तीच, पगार तोच, टॅक्सही नेमाने कापला गेला होता. पण कायमच्या वास्तव्याच्या हिशेबात ते अकरा महिने कुठेच नव्हते.

ही चूक मी एकटीनेच केलेली नाही. दर वर्षी कुणी ना कुणी धाकटी मैत्रीण फोन करते आणि तीच गोष्ट सांगते. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे आणि त्यात पुण्या-मुंबईची, नाशिक-सांगलीची पोरं भरपूर. इथे यायचं कसं यावर यूट्यूबवर ढीगभर मराठी व्हिडिओ आहेत. राहायचं कसं, यावर मात्र सगळे ऐकीव माहितीवर चालतात. म्हणून हा लेख. यात जर्मनीच्या वास्तव्य कायद्याची कलमं येतील, कारण इथल्या कार्यालयात व्हिसाचं नाव कुणी विचारत नाही, कलम विचारतात.

आधी ढोबळ चित्र

शिकत असताना तुमचा परवाना कलम १६ब खालचा असतो. पदवी मिळाल्यावर कलम २० खाली नोकरी शोधायला जास्तीत जास्त अठरा महिने मिळतात. नोकरी मिळाली की दोन मुख्य वाटा: पगार पुरेसा असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे कलम १८ग खालचा युरोपीय परवाना, नाहीतर पदवीधर कुशल कामगाराचा परवाना, म्हणजे कलम १८ब. त्यानंतर पावणेदोन ते सव्वादोन वर्षांत कायमचं वास्तव्य, ज्याला जर्मनमध्ये नीडरलासुंग्सएरलाउबनिस म्हणतात आणि आपली मंडळी सरळ 'पीआर' म्हणतात.

मधला अठरा महिन्यांचा परवाना सक्तीचा नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. पदवी हातात येण्याआधीच कराराचा कागद आला असेल तर विद्यार्थी परवान्यावरून थेट ब्लू कार्डावर किंवा १८ब वर जाता येतं. अठरा महिने ही राखीव वेळ आहे. ती वापरावी लागली नाही तर उत्तमच.

पदवीच्या आधीचं वर्ष

अठरा महिने ऐकायला खूप वाटतात. पण इथे एका नोकरीची जाहिरात, अर्ज, पहिला फोन, दुसरी फेरी, तिसरी फेरी आणि करार, यात तीन-चार महिने सहज जातात. त्यात ऑगस्टमध्ये अर्धं ऑफिस सुट्टीवर आणि डिसेंबरच्या मध्यापासून तर कुणी फोनही उचलत नाही. शिवाय काळ बरा नाही. २०२४ च्या डिसेंबरात फोक्सवॅगनने २०३० पर्यंत ३५ हजारांवर नोकऱ्या कमी करायचा करार कामगार संघटनेशी केला, आणि वाहन उद्योगावर जगणाऱ्या छोट्या-मोठ्या कंपन्यांनीही हात आखडता घेतला. ऑटोमोटिव्हमध्ये मास्टर्स करणाऱ्यांनी रेल्वे, वीजवितरण, वैद्यकीय उपकरणं, यंत्रनिर्मिती असं आजूबाजूलाही बघायला हवं.

शोध दुसऱ्या सत्रापासून सुरू करा. सर्वांत खात्रीची वाट म्हणजे वेर्कश्टुडेंट म्हणून काम करणं: सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत, आपल्या विषयाच्या कंपनीत. विद्यार्थी परवान्यावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ पर्यंत ही मर्यादा १२० आणि २४० होती, त्यामुळे जुन्या सीनियरचं ऐकून कमी मोजू नका. थीसिस त्याच कंपनीत केला तर उत्तम. माझ्या बॅचमध्ये ज्यांना निकालाआधी करार मिळाला, ते जवळजवळ सगळे थीसिसच्या कंपनीतच लागले.

दुसरी गोष्ट भाषा. पुण्यात मॅक्समुलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ए१, ए२ या सुरुवातीच्या पातळ्या करून आलेली मुलं इथे इंग्रजी माध्यमाच्या कोर्सला बसतात आणि पहिल्याच सत्रात जर्मन सोडून देतात. मीही सोडलं होतं. त्यापुढच्या बी१ पातळीच्या प्रमाणपत्राची खरी गरज पुढे पीआरच्या वेळी लागते, पण ते विद्यापीठाच्या भाषा केंद्रात फुकट किंवा किरकोळ शुल्कात मिळतं तोपर्यंत करून टाका. नोकरी लागल्यावर संध्याकाळी सातला क्लासला जायची ताकद राहत नाही.

निकाल आणि तारखांचा गुंता

इथपासून तारखा लिहून ठेवायला लागा. वहीत, फोनमध्ये, फ्रिजवर, कुठेही. पाच तारखा: निकाल कळल्याची, विद्यापीठातून नाव कमी झाल्याची, सध्याच्या कार्डाची मुदत संपण्याची, विमा बदलण्याची आणि पासपोर्टची मुदत संपण्याची.

निकालाची तारीख सर्वांत महत्त्वाची. शेवटचा निकाल लेखी कळला की शिक्षणाचा उद्देश पूर्ण झाला असं धरलं जातं. पदवीदान समारंभ, टोपी-झगा, फोटो यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. वेर्कश्टुडेंट म्हणून मिळणारी विम्याची सवलतही निकाल लेखी कळल्याच्या महिन्याअखेरीस संपते, मग सत्र संपायला दोन महिने का असेनात. मी तेव्हा कंपनीच्या एचआरला निकाल कळवलाच नाही आणि पुढच्या महिन्यात पगाराची पावती दुरुस्त करायला तिघांना कामाला लावलं.

मूळ प्रमाणपत्र यायला काही वेळा महिने लागतात. वाट बघू नका. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून, म्हणजे प्रूफुंग्झआम्टमधून, 'सर्व परीक्षा उत्तीर्ण' असं लिहिलेला तात्पुरता दाखला मागा. सही-शिक्क्याचा तो एका पानाचा कागद परदेशी नागरिक कार्यालयात चालतो. या कार्यालयाचं नाव आउसलेंडरबेहोर्डे. पोरांच्या तोंडी ते 'एबीएच' झालंय.

पासपोर्टची तारीख लोक विसरतात. परवान्याचं कार्ड पासपोर्टच्या मुदतीपलीकडचं मिळत नाही. पासपोर्ट संपायला दहा महिने उरले असतील तर अठरा महिन्यांच्या जागी दहाच महिन्यांचं कार्ड हातात पडेल आणि उरलेल्या काळासाठी पुन्हा रांग, पुन्हा फी. बर्लिनच्या दूतावासात किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गच्या वाणिज्य दूतावासात नूतनीकरण आधी उरकून घ्या.

कलम २० चा अर्ज

कागद फार नाहीत: पासपोर्ट, सध्याचं कार्ड, तात्पुरता दाखला किंवा प्रमाणपत्र, आरोग्य विमा, पत्त्याच्या नोंदणीचा म्हणजे आनमेल्डुंगचा कागद, भाडेकरार आणि खर्च भागवता येतो याचा पुरावा. फोटो मे २०२५ पासून डिजिटलच लागतो. नोंदणीकृत फोटोग्राफरकडून किंवा कार्यालयातल्या यंत्रावर. परवान्याची फी साधारण १०० युरो. यासाठी कुठल्याही एजंटाला पैसे मोजायची गरज नाही.

खर्चाच्या पुराव्याचं बहुतेकांना टेन्शन येतं. विद्यार्थी म्हणून येताना ब्लॉक खात्याचा, म्हणजे खर्चासाठी बँकेत अडकवून ठेवायच्या रकमेचा, आकडा महिना ९९२ युरो होता. त्याच्या आसपास किंवा थोडं वर दाखवता आलं पाहिजे. बचत, पालकांचं हमीपत्र, अर्धवेळ कामाच्या पगाराच्या पावत्या, यांची बेरीज करून दाखवता येते. मी तीन महिन्यांच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट एवढंच दिलं होतं.

विम्याचा धक्का मात्र बसतो. विद्यार्थी म्हणून सरकारी विम्याला महिन्याला १४०-१५० युरोंच्या आसपास जात होते. विद्यार्थीपण संपलं की 'ऐच्छिक सभासद' म्हणून तोच विमा दोनशेच्या बराच पुढे जातो. नोकरी लागली की वर्गणी पगारातून कापली जाते आणि निम्मी कंपनी भरते. मधले महिने खिशातून. बँकेत राखीव रक्कम ठेवताना हे धरा.

आता सर्वांत कामाचं वाक्य: अर्ज जुन्या कार्डाची मुदत संपण्याआधी करा. अपॉइंटमेंट मुदतीनंतरची मिळाली तरी बिघडत नाही, अर्ज मुदतीत पोचला पाहिजे. तसं झालं तर कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे तुमचा जुना परवाना, त्यावरच्या अटींसह, निर्णय होईपर्यंत चालू आहे असं मानलं जातं. याचा जो कागद मिळतो त्याला फिक्तिओन्सबेशायनिगुंग म्हणतात. नाव पाठ करा, कारण घरमालकापासून बँकेपर्यंत सगळ्यांना तोच दाखवावा लागतो. ऑनलाइन अर्ज केला असेल तर शेवटच्या पानावरची पोचपावती पीडीएफ करून ठेवा. माझ्या एका रूममेटने फक्त 'सबमिट' दाबून लॅपटॉप बंद केला. दोन महिन्यांनी कार्यालय म्हणालं, अर्ज दिसत नाही. सुदैवाने तिने मध्येच एक स्क्रीनशॉट काढून आईला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, 'झालं एकदाचं' म्हणून. तो तारखेसह सापडला आणि प्रकरण मिटलं.

हाच कागद घेऊन दिवाळीला घरी जायचं असेल तर आतल्या पानावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते बघा. कलम ८१ च्या परिच्छेद ४ ची खूण असेल तर परत येता येतं. परिच्छेद ३ ची असेल तर बाहेर पडू नका. आणि तिकीट शक्यतो मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचं काढा. मधल्या विमानतळावरच्या माणसाला हा घडीचा कागद समजावत बसणं नको.

कार्ड आलं की त्यावर किंवा सोबतच्या पुरवणी कागदावर 'एर्वेर्ब्सटेटिगकाइट' करायला परवानगी असं लिहिलेलं असतं. म्हणजे नोकरी, अर्धवेळ काम, फ्रीलान्स, सगळं चालतं. तासांची मर्यादा नाही. हॉटेलात भांडी घासा किंवा कंपनीत डिझाइन करा. हा मोकळेपणा नोकरीच्या कार्डावर मिळत नाही. पण अठरा महिन्यांपलीकडे हा परवाना वाढत नाही. घरी अडचण होती, आजारी होतो, या कारणांनीही नाही.

करार आल्यावर: ब्लू कार्ड की १८ब?

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो.

ब्लू कार्डाला चार गोष्टी लागतात: पदवी, पदवीला साजेसं काम, किमान सहा महिन्यांचा करार आणि ठरावीक पगार. पदवी जर्मन असल्यामुळे तिच्या मान्यतेचा प्रश्न येत नाही. भारतातून थेट येणाऱ्यांची यात जी दमछाक होते ती तुम्हाला नाही. राहिला पगार. २०२६ साठी वार्षिक ढोबळ, म्हणजे कर कापण्याआधीच्या, पगाराची सर्वसाधारण मर्यादा ५०,७०० युरो आहे, म्हणजे महिना ४,२२५. पण पदवी मिळून तीन वर्षं झाली नसतील तर नवपदवीधर म्हणून ४५,९३४.२० युरो पुरतात, म्हणजे महिना सुमारे ३,८२८. इंजिनिअरिंग, आयटी, वैद्यक अशा टंचाईच्या क्षेत्रांनाही हीच खालची मर्यादा लागू होते.

हे आकडे दर जानेवारीत बदलतात, कारण निवृत्तिवेतन विम्याची वर्गणी ज्या कमाल पगारापर्यंत कापतात, त्या मर्यादेच्या ते अनुक्रमे ५० आणि ४५.३ टक्के असतात. २०२५ मध्ये ते ४८,३०० आणि ४३,७५९.८० होते. म्हणजे ४५,००० चा करार २०२५ च्या खालच्या मर्यादेत आरामात बसत होता, २०२६ च्या नाही. वर्षाच्या शेवटी बोलणी चालू असतील तर हे डोक्यात ठेवा. एचआरला स्पष्ट सांगायला लाजू नका: 'ब्लू कार्डासाठी ४६,००० लागतील, तुम्ही ४५,२०० म्हणताय.' आठशे युरोंसाठी चांगला उमेदवार सोडणारी कंपनी विरळा. माझ्या ओळखीत तिघांनी हे वाक्य वापरलं, तिघांनाही वाढवून मिळाले.

मोजताना करारात हमी दिलेला पगारच धरला जातो. तेरावा पगार करारात पक्का लिहिला असेल तर तो धरतात. 'कामगिरीनुसार बोनस' धरत नाहीत. आणि अर्धवेळ काम असेल म्हणून मर्यादा निम्मी होत नाही. हातात काय येतं हेही सांगते, कारण घरचे विचारतातच: एकट्या माणसाला वर्षाला ४८,००० म्हणजे महिना चार हजार ढोबळ, हातात साधारण २,६००.

खालच्या मर्यादेवर जाणार असाल तर श्रम खात्याची, म्हणजे बुंडेसआगेंटूर फ्युअर आर्बाइटची, संमती लागते. ती एबीएच स्वतः मागवतं. तुम्हाला कुठे जावं लागत नाही. पगार आणि कामाच्या अटी इथल्या माणसाला मिळतात तशाच आहेत ना, एवढं ते तपासतात. त्यासाठी कंपनीने एक फॉर्म भरून द्यायचा असतो: 'एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफरहेल्टनिस'. लहान कंपन्यांच्या एचआरने हा फॉर्म कधी पाहिलेला नसतो. तुम्हीच तो डाउनलोड करून, आपलं नाव-पत्ता भरून, 'इथे सही, इथे शिक्का' असं पिवळ्या चिकटपट्टीने दाखवून द्या. कामाचं वर्णन पदवीशी जुळणारं असू द्या. मेकॅनिकलच्या मुलीच्या फॉर्मवर 'ऑफिस सहायक' असं पदनाम गेलं तर ब्लू कार्ड तिथेच अडतं, मग प्रत्यक्षात ती दिवसभर सिम्युलेशन का करत असेना.

पगार खालच्या मर्यादेतही बसत नसेल, किंवा काम पदवीच्या विषयाचं नसेल, तर कलम १८ब. नोव्हेंबर २०२३ च्या बदलानंतर काम पदवीच्याच विषयातलं असायची अट राहिलेली नाही; कुशल काम असलं की पुरतं. ठरलेली पगार-मर्यादाही नाही, फक्त पगार त्या कामाच्या प्रचलित दराचा हवा. डॉक्टर, नर्स, आर्किटेक्ट अशा नियंत्रित पेशांना मात्र तो पेशा करण्याचा वेगळा परवानाही लागतो, त्याची गोष्ट वेगळी आणि लांब आहे.

मग ब्लू कार्ड नाही मिळालं म्हणून रडायचं का? आपल्याकडे ब्लू कार्डाला उगाच बिरुदासारखं वागवतात. लग्नाच्या बायोडाटात 'जर्मनी, ब्लू कार्ड होल्डर' लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. प्रत्यक्षातला फरक बघा. ब्लू कार्डावर बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत पीआर, ए१ असेल तर २७ महिन्यांत. १८ब वर, पदवी जर्मन विद्यापीठाची असेल तर बी१ सह २४ महिन्यांत. बी१ झालेल्या माणसासाठी फरक फक्त तीन महिन्यांचा! ज्याचं जर्मन ए१ वर अडलंय त्याला ब्लू कार्ड खरं उपयोगी. त्याशिवाय ब्लू कार्डावर सलग बारा महिने जर्मनीबाहेर राहिलात तरी ते रद्द होत नाही, साध्या परवान्याला ही सवलत सहा महिन्यांची. जोडीदाराला आणताना त्याने आधी ए१ परीक्षा द्यावी ही अट मात्र आता दोन्हींना नाही आणि दोन्हींवर आल्याआल्या त्याला काम करता येतं. ब्लू कार्डाच्या सवलती मोलाच्या आहेत, पण फक्त त्यांच्यासाठी चांगली नोकरी सोडून पाचशे युरो जास्त देणाऱ्या भलत्या कंपनीत जाऊ नका.

अर्ज कधी? करारावर सही झाली त्या आठवड्यात. तुम्ही कलम २० वर असाल तर अर्ज प्रलंबित असतानाच कामावर रुजू होता येतं, कारण त्या कार्डावर सगळं काम मोकळं आहे. नेमकी हीच सोय आपल्याला आळशी करते, माझं तेच झालं. पीआरसाठी १८अ, १८ब, १८ग अशा परवान्यावरचा काळ मोजतात. कलम २० चा मोजत नाहीत. विद्यार्थी परवान्यावरून थेट जाणाऱ्यांचं उलट आहे: नवीन परवाना येईपर्यंत जुन्या कार्डावरची १४० दिवसांची मर्यादा लागू राहते, त्यामुळे रुजू व्हायची तारीख ठरवताना दिवस मोजा आणि एबीएचला लवकर कळवा.

आणखी एक: नोकरी दुसऱ्या शहरात असेल तर घर बदलल्यावर तुमची फाईल नव्या शहराच्या कार्यालयाकडे जाते. हे 'जाणं' कधी दोन आठवडे घेतं, कधी तीन महिने. शक्य असेल तर अर्जाचा निकाल लागल्यावर पत्ता हलवा. नसेल तर सगळ्या कागदांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा आणि नव्या कार्यालयात फाईलची वाट न बघता पुन्हा सगळं द्या.

कार्ड हातात आल्यावर

प्लास्टिकचं कार्ड सगळे व्हॉट्सअॅपवर टाकतात, पण वाचायचा असतो सोबतचा घडी घातलेला कागद, त्सुझात्सब्लाट. त्यावर कंपनीचं नाव आणि पद लिहिलेलं असू शकतं. 'बेशेफ्टिगुंग (नोकरी) फक्त अमुक कंपनीत' असं असेल तर कंपनी बदलण्याआधी परवानगी घ्यायची. संध्याकाळी चार पैसे जास्त मिळतात म्हणून फ्रीलान्स काम करायचं तर तेही आता विचारून. कलम २० चे मोकळे दिवस संपले. ब्लू कार्डावर पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर एबीएचला कळवावं लागतं आणि ते तीस दिवस हा बदल थांबवून तपासू शकतात. बारा महिन्यांनंतर हा जाच नाही. ब्लू कार्डाची मुदत कराराएवढी अधिक तीन महिने असते, जास्तीत जास्त चार वर्षं.

नोकरी गेली तर

प्रोबेशनचा काळ सहसा सहा महिन्यांचा आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढून टाकता येतं. पत्र हातात पडलं की रडून घ्या, मग पुढची कामं करा. तीन दिवसांच्या आत श्रम खात्यात 'नोकरी शोधणारा' म्हणून नोंदणी. दोन आठवड्यांच्या आत एबीएचला कळवणं. हे दुसरं तुमचं कायदेशीर कर्तव्य आहे. कंपनीही वेगळं कळवतेच, त्यामुळे लपवून काही साधत नाही.

ब्लू कार्डाच्या युरोपीय नियमाप्रमाणे कार्ड मिळून दोन वर्षं झाली नसतील तर तीन महिन्यांची बेकारी आणि झाली असतील तर सहा महिन्यांची, एवढ्यापुरतं कार्ड काढून घेता येत नाही. गेल्या तीस महिन्यांत बारा महिने बेकारी विम्याची वर्गणी भरली असेल तर बेकारी भत्ता मिळतो, निव्वळ पगाराच्या सुमारे ६० टक्के. तो हक्काचा आहे, भीक नाही. पण कंपनीने 'दोघांच्या संमतीने' करार संपवायचा कागद पुढे केला तर लगेच सही करू नका. त्यामुळे भत्ता बारा आठवडे अडू शकतो. घरी घेऊन जा, जर्मन वाचणाऱ्या माणसाला दाखवा.

बाकीच्या वाटा, थोडक्यात

पीएचडी करायची असेल तर बहुतेक ठिकाणी विद्यापीठ करार देतं आणि कलम १८ड किंवा १८ब खाली परवाना मिळतो. या वाटेवरची दोन वर्षंही पीआरसाठी धरतात. स्वतःचा व्यवसाय करायचा तर कलम २१. जर्मन पदवीधरांना त्यात सवलत आहे, मात्र व्यवसाय शिक्षणाशी संबंधित असावा लागतो. वेळ संपत आला म्हणून दुसऱ्या मास्टर्सला प्रवेश घेणारेही असतात. विषयाची सांगड पटवून देता आली तर कार्यालय मान्य करतं, पण त्याने नोकरीचा प्रश्न सुटत नाही. दोन वर्षं पुढे जातो एवढंच.

अठरा महिने संपले आणि परतावं लागलं, तरी दार बंद होत नाही. करार मिळाला तर भारतातून थेट ब्लू कार्डाचा व्हिसा मागता येतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांसाठी मुंबईचा जर्मन वाणिज्य दूतावास. करार नसेल तर जून २०२४ पासून शान्सेनकार्टे म्हणजे संधी कार्ड आहे: नोकरी शोधायला एक वर्षापर्यंत, सोबत आठवड्याला वीस तास काम. जर्मन पदवी असल्यामुळे तुम्हाला त्यात गुणांची बेरीज करत बसावं लागत नाही. आणि चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने आहेत. जर्मन मुख्यालयाशी बोलू शकणारा माणूस तिथे लागतो. माझा एक वर्गमित्र असाच परतला आणि आता वर्षातून तीनदा इथे येतो, कंपनीच्या खर्चाने.

पीआरचा अर्ज

नोकरीच्या परवान्यावरचा काळ पुरा व्हायच्या तीन-चार महिने आधी तयारीला लागा. बी१ चं प्रमाणपत्र, चालू नोकरीचा दाखला, अलीकडच्या पगाराच्या पावत्या, पुरेसं घर असल्याचा भाडेकरार, आणि निवृत्तिवेतन विमा संस्थेकडून मिळणारी वर्गणीची यादी. ही यादी ऑनलाइन मागवली की काही दिवसांत टपालाने येते. तीत महिन्यागणिक कुठल्या कंपनीने किती भरलं ते छापलेलं असतं. मध्ये एखादा महिना गळला असेल तर अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या. पगारातून ९.३ टक्के दर महिन्याला जातात आणि तेवढेच कंपनी भरते, तेव्हा हा कागद नीट वाचायला हरकत नाही. नागरिकत्वाचा विचार त्यानंतरचा: त्याला सर्वसाधारणपणे पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. जर्मनीला तुमच्या दुसऱ्या पासपोर्टची अडचण नाही, भारताला आहे. निळा पासपोर्ट परत करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, घ्यावं लागतं.

माझ्या अपॉइंटमेंटच्या दिवशी टेबलापलीकडच्या बाईंनी ती यादी घेतली आणि पेनाने महिने मोजले. मग संगणकावर परवान्याचे मोजले. वर्गणीचे पस्तीस, परवान्याचे चोवीस. त्यांनी मान वर करून विचारलं, 'हे मधले अकरा?' मी म्हटलं, 'आळस.' त्या हसल्या आणि शिक्का मारला.